लडाखच्या कोरड्या दरीत फुलं-पाखरं पाहायला जाताना

लेहला विमान उतरायला लागतं तेव्हा खिडकीतून खाली फक्त डोंगर दिसतात. मातकट, तांबूस, राखाडी. झाड नावाला नाही. एवढ्या उजाड जागी फुलं कुठे असणार आणि पाखरं कशाच्या आधारानं राहणार, अशी शंका मनात येतेच. मग डोंगरांच्या पायथ्याशी एक हिरवी रेघ दिसते. ती रेघ डोळ्यांत साठवून ठेवा, कारण पुढच्या आठ-दहा दिवसांची तुमची सगळी भटकंती तिच्याच काठानं होणार आहे.

लेहला वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला किंवा आंबोलीला आषाढातल्या एका दिवसात तेवढा पडून जातो. आपण सह्याद्रीत फुलं ओळखायला शिकलेली माणसं. पाऊस आला की फुलं आली, हे गणित आपल्या अंगात मुरलेलं असतं. लडाखला येताना ते घरी ठेवून यावं लागतं. इथलं पाणी ढगातून येत नाही, वरच्या बर्फातून येतं. म्हणून इथे कुठलंही फूल किंवा पाखरू दिसलं की मी स्वतःला दोन प्रश्न विचारते: पाणी इथून किती लांब आहे? आणि आपण किती उंचीवर आहोत? नाव सापडलं नाही तरी चालेल. या दोन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवायची सवय लागली की दरी हळूहळू उलगडायला लागते.

हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. घरच्या सहलीत चार दिवस मोकळे मिळणार असतील त्यांनाही तो उपयोगी पडेल.

केव्हा जायचं

इथलं पंचांग उंचीप्रमाणे सरकतं. सिंधूच्या खालच्या अंगाला, शाम भागातल्या गावांत एप्रिलमध्ये जर्दाळू फुलतो. त्या वेळी वरच्या खिंडी अजून बर्फाखाली असतात. मे-जूनमध्ये नदीकाठच्या ओल्या कुरणांत जांभळट निळे आयरिस येतात. जूनमध्ये जंगली गुलाब. जुलैत चार हजार मीटरच्या आसपासची कुरणं भरतात, आणि पाच हजारांच्या जवळचे दगडधोंडे फुलायला जुलैची अखेर, ऑगस्ट उजाडतो. म्हणजे खाली चुकलेलं फूल पुष्कळदा वर गाठता येतं. लेहमध्ये गुलाबाच्या पाकळ्या गळून गेल्या म्हणून हळहळू नका, कडेच्या एखाद्या दरीत हजार-दीड हजार फूट वर चढा, तिथे तो नुकता उमलत असतो.

पक्ष्यांचं गणित निराळं. घरटी, पिल्लं, पूर्ण रंगात आलेले नर हे सगळं पाहायचं तर मेअखेर ते जुलै. सप्टेंबरमध्ये फुलं संपतात, पण सीबकथॉर्नच्या काटेरी झुडपांवर नारिंगी फळांचे घोस लगडतात आणि खाली उतरू लागलेल्या पक्ष्यांचे थवे दिसतात.

एकच फेरी जमणार असेल, तर मी जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा तिसरा आठवडा यातलं काहीतरी सुचवेन. फुलं आणि पाखरं दोन्ही हाती लागतात.

बरोबर काय घ्यायचं

दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. इथे सगळं मोकळं आणि लांब असतं म्हणून १० पटीची घ्यावी असं वाटतं, पण दम लागलेला असताना हात थरथरतात आणि १० पटीत पक्षी स्थिर राहत नाही. फुलांसाठी १० पटीचं छोटं भिंग, खिशात मावणारं. वही आणि पेन्सिल. उंची दाखवणारं ॲप फोनमध्ये असतंच. मर्लिन, ई-बर्ड, आयनॅचरलिस्ट या पक्षी-फुलं ओळखायच्या आणि नोंदवायच्या ॲपपैकी जे वापरता त्याचा लडाखचा किंवा भारताचा भाग घरूनच डाउनलोड करून ठेवा, कारण गावाबाहेर पडलं की नेटवर्कचा भरवसा नाही. सिम पोस्टपेड असावं. बाहेरच्या राज्यांतल्या प्रीपेडनं माझी दोनदा पंचाईत झाली आहे.

उन्हाची टोपी, पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे, सनस्क्रीन, आणि त्या सोबत एक उबदार जाकीट. सकाळी सहाला बोटं गारठतात आणि दहाला मान भाजते. पाण्याची बाटली मोठी, किमान दोन लिटरची.

पहिले दोन दिवस: लेहच्या गल्ल्या

लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. पुण्या-मुंबईहून विमानानं थेट तिथे उतरल्यावर शरीराला पहिले ४८ तास द्यायलाच हवेत. प्रशासनही तेच सांगतं. मी पहिल्या फेरीत दुसऱ्याच दिवशी गाडीनं खिंडीवर गेले होते. डोकं असं ठणकत होतं की रस्त्याच्या कडेला काय फुललंय ते मला आजही सांगता येणार नाही, आणि पुढचा अख्खा दिवस खोलीत झोपून गेला. डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं ही लक्षणं असतील तर आणखी वर जायचं नाही. वाढली तर खाली उतरायचं आणि डॉक्टरकडे जायचं. हृदयाचा, फुप्फुसाचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

हे दोन दिवस वाया जात नाहीत. नवशिक्यासाठी तर ते सगळ्यांत मोलाचे आहेत, कारण लेहच्या चांगस्पा आणि संकर भागातल्या गल्ल्यांत विलो, पॉप्लर, जवाचे तुकडे, मातीच्या भिंती आणि बाजूनं वाहणारे पाट असं सगळं एकत्र मिळतं. पाटाला इथे ‘युरा’ म्हणतात. गावागावांत पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं ते ठरवणारा माणूस असतो, त्याला ‘चुरपोन’ म्हणतात, आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखाच. ज्या दिवशी युराला पाणी असतं त्या दिवशी त्याच्या काठावर पक्षी असतात, हे मी चार सकाळी तीच गल्ली चालल्यावर शिकले.

पहाटे साडेपाचला बाहेर पडा. हळू चाला, शंभर पावलांना एकदा थांबा. पहिल्यांदा दिसेल ती मॅगपाय: काळी-पांढरी, लांब शेपटीची, पंखांवर निळी झाक, आवाज कर्कश. कावळ्याच्या कुळातली आहे. तिला नीट पाहून घ्या, कारण पुढे आकार सांगताना ती तुमचं माप होईल. आपल्याकडे नवशिक्याला चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार अशी मापं देतात; इथे कावळ्याच्या जागी मॅगपाय आणि चफ धरा. चफ म्हणजे चकचकीत काळ्या रंगाचा, लाल पायांचा कावळ्याचा भाऊबंद. चोच लांब, लाल आणि वाकडी असेल तर लाल चोचीचा. आखूड आणि पिवळी असेल तर पिवळ्या चोचीचा. शेतांत जास्त करून लाल चोचीचा दिसतो, उंचावरच्या मुक्कामांवर पिवळ्या चोचीचा.

मग कबुतरं. ती सोडून देऊ नका. उडताना शेपटीच्या मधोमध पांढरा रुंद पट्टा दिसला, तर ते आपलं पारवा नव्हे, डोंगरी कबूतर. अशा सोप्या फरकांनी डोळा तयार होतो.

आणि मग भिंतीच्या दगडावर एक छोटा पक्षी उतरतो, काळा, पोटाखाली विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरवतो. मराठी माणसाला त्याचं नाव सांगावं लागत नाही. थिरथिरा! आपल्या अंगणात, शेताच्या बांधावर ऑक्टोबरपासून उन्हाळा लागेपर्यंत असतो तो हाच. आपण त्याला पाहुणा म्हणतो. इथे तो घरचा मालक आहे: भिंतीच्या भोकात घरटं, चोचीत अळी, आणि आपल्याकडे कधी न ऐकलेलं गाणं. या लेखात पुढे जे सांगायचं आहे त्याचा गाभा माझ्यासाठी हाच आहे. मराठी पक्षीनिरीक्षकानं लडाखमध्ये नवे पक्षी जरूर मोजावेत, पण आपल्या हिवाळी पाहुण्यांची घरं पाहणं यासारखा आनंद दुसरा नाही.

गल्लीतल्या फुलांत भिंतीच्या कडेनं उगवलेलं एक कमरेइतकं झाड शोधा. फुलं नळीसारखी, पिवळट हिरवी, त्यांवर जांभळ्या शिरा. नाव फायसोक्लेना. धोत्र्याच्या कुळातलं आहे आणि धोत्र्यासारखंच विषारी, तेव्हा हात लावला तर हात धुवा. गोठ्यांच्या, घरांच्या आसपास ते जास्त दिसतं.

कोणी भेटलं तर ‘जुले’ म्हणा. नमस्कार, धन्यवाद, येतो, सगळं त्यातच येतं. वयानं मोठ्या बाईला ‘आमा-ले’, थोरल्या भावाच्या वयाच्या माणसाला ‘आचो-ले’. ते ‘ले’ आपल्या ‘अहो’च्या आदराचं आहे. फुलाकडे बोट दाखवून ‘मेन्तोक?’ असं विचारलं की बहुतेक आमा-ले तुम्हाला चार फुलं जास्तीची दाखवतात. मेन्तोक म्हणजे फूल.

तिसरा दिवस: शे आणि ठिकसेची ओली कुरणं

लेहहून मनालीच्या दिशेनं निघालं की चोगलमसरच्या पुढे शे आणि ठिकसे लागतात. रस्ता आणि सिंधू यांच्या मधे ओली कुरणं, पाणथळ तुकडे आणि काटेरी झुडपं आहेत. उंची साधारण लेहपेक्षा थोडी कमी, चाल सपाट. शरीर अजून रुळत असताना ही जागा उत्तम.

सकाळी सहा ते साडेनऊ एवढाच वेळ धरा. त्यानंतर जमिनीवरून गरम हवा उठायला लागते आणि दुर्बिणीत लांबचा पक्षी पाण्यात पाहिल्यासारखा हलतो. दुपारनंतर वारा सुटतो आणि फुलाचा फोटोही धड येत नाही.

चालायची पद्धत अशी ठेवा. आधी कुरणाच्या कडेला उभं राहून दहा मिनिटं नुसतं पाहा. शेतात शिरू नका. इथलं कुरण हे जनावरांच्या हिवाळ्याचा चारा असतो. आपल्या पावलांनी आडवी झालेली गवताची पट्टी कोणाच्या तरी याकाच्या तोंडचा घास असते. बांधावरून किंवा मळलेल्या वाटेनंच चाला. कुरणात जमिनीवर घरटी असतात हेही विसरू नका.

आता पाण्याच्या कडेला पिवळ्याधमक डोक्याचा धोबी पक्षी शोधा. पिवळ्या डोक्याचा धोबी आपल्याकडे हिवाळ्यात येतो तेव्हा मळकट असतो, डोक्यावर राखाडी-पिवळं काहीतरी. इथल्या नराचं डोकं आणि पोट हळदीनं माखल्यासारखं असतं आणि पाठ काळीकुट्ट. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो वेगळाच पक्षी समजून वहीत भलतंच नाव लिहिलं होतं. शेपटी वरखाली करण्याच्या लकबीवरून ओळख पटली. रंग बदलतो, लकब बदलत नाही, म्हणून वहीत लकब आधी लिहा.

टिलवा, म्हणजे लाल पायांचा रेडशँक, दलदलीच्या मधोमध एखाद्या खुंटावर उभा राहून सारखा ओरडत असेल, तर समजा तुम्ही त्याच्या पिल्लांच्या जवळ आहात. लगेच मागे फिरा. तुतवार खडकांवरून पाण्याच्या कडेनं झुलत जाताना दिसेल. हाही हिवाळ्यात आपल्या नद्या-ओढ्यांवर असतो. हवेत पांढरा, काळ्या टोपीचा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी पाण्यावर सूर मारत असेल तर तो सुरय. आणि चक्रवाक! भिगवणला उजनीच्या पाण्यावर जे केशरी जोडपं आपण होडीतून पाहतो, ते इथे बदकाच्या मानानं अगदीच अनपेक्षित ठिकाणी घरटं करतं: कड्यातल्या कपारींत, बिळांत. जुलैमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पिल्लं आईबापांमागे रांगेनं पोहताना मिळू शकतात.

सिंधूच्या पात्रात जिथे गोट्यांची बेटं आहेत तिथे एक करडा पक्षी शोधायला वेळ द्या. आयबिसबिल. चोच लांब, लाल आणि खाली वळलेली, चेहरा काळा, छातीवर काळा पट्टा. वर्णनावरून वाटतं की लगेच दिसेल, पण करड्या गोट्यांत तो इतका मिसळून जातो की हलल्याशिवाय दिसतच नाही. माझी युक्ती अशी: बेटाचे मनातल्या मनात चार तुकडे करायचे आणि एकेक तुकडा दुर्बिणीनं दोन मिनिटं पाहायचा. घाईनं सगळं बेट चाळलं तर फक्त गोटे दिसतात. तो गोट्यांतच घरटं करतो, म्हणून नदीत उतरून बेटावर जाण्याचा मोह पूर्ण टाळा.

फुलांत इथे आयरिसचे झुबके, आणि नदीकाठानं सीबकथॉर्न. त्याची फुलं इतकी बारीक की भिंग लावावं लागतं. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, परागकण वारा वाहून नेतो. फुलपाखरांना बोलवायचंच नसल्यानं रंगीत पाकळ्यांचा खर्च ते करत नाही. मुळांच्या गाठींत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या मदतीनं ते हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतं, म्हणून नदीनं आणून टाकलेल्या वाळूतही ते उभं राहतं आणि त्याच्या मागे दुसरी झाडं येतात. त्या काटेरी जाळीत छोटे वटवटे आवाज देत असतात. डोळ्यांनी शोधू नका, कानांनी शोधा.

रस्त्याच्या कोरड्या कडेला, जिथे काहीच उगवू नये असं वाटतं, तिथे जमिनीवर पसरलेली एक काटेरी वेल दिसेल. पानं गोल, जाडसर. फूल पांढरं, मधून केसरांचा मोठा झुपका. इथे तिला ‘काब्रा’ म्हणतात. फूल संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात कोमेजतं, म्हणून ते पाहायला सूर्य कलल्यावर किंवा अगदी सकाळी जा. आषाढीचा उपवास सोडताना आपण ज्या वाघाट्यांची भाजी करतो, ती वाघाटी आणि हा काब्रा एकाच प्रजातिगटातले. लडाखी घरांतही काब्र्याच्या कोवळ्या पाल्याची कडूपणा काढून भाजी करतात. साडेतीन हजार मीटरवर वाघाटीची बहीण भेटली तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसून राहिले होते.

चौथा-पाचवा दिवस: एका कडेच्या दरीत शिरा

सिंधूची दरी रुंद आहे. दरीचं खरं शिक्षण तिला येऊन मिळणाऱ्या अरुंद दऱ्यांत होतं. नवशिक्यासाठी मी रुम्बकची दरी सुचवते. लेहहून सिंधू ओलांडून झिंगचेनला जायचं आणि तिथून ओढ्याच्या काठानं वर. हा भाग १९८१ साली झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो. प्रवेश शुल्क भरावं लागतं. रुम्बक हे मोजक्या घरांचं गाव आहे आणि घरोघरी पाहुण्यांच्या राहण्याची सोय होते. एक रात्र तरी राहा. गावातला वाटाड्या घ्या. त्याला हिमबिबट्याची जागा माहीत असते आणि फुलाचीही.

इथे करायचा एक अभ्यास सांगते. ओढ्याच्या पाण्याशी उभं राहा आणि काटकोनात डोंगराकडे चालायला लागा. पहिली दहा पावलं: विलो, गुलाब, ओलं गवत, त्यात लांब नळीची पिवळी पेडिक्युलॅरिस. तिची फुलं जवळून पाहा, सोंड वळवल्यासारखी असतात. तिसाव्या पावलापर्यंत गवत संपतं आणि करड्या पानांच्या, चुरगाळल्यावर उग्र वास येणाऱ्या दवण्याच्या जातीतल्या झुडपांचं राज्य सुरू होतं. पन्नासाव्या पावलाला काटेरी कॅरागाना, आणि उटकटारा! आपल्या माळरानावर असतो त्याचाच भाऊ, निळसर पांढरा काटेरी चेंडू. शंभराव्या पावलाला नुसती घसरती खडी. शंभर पावलांत चार वेगळी जगं. असंच नदीच्या दुसऱ्या बाजूला करून पाहा. एका बाजूला दिवसभर ऊन, दुसऱ्या बाजूला सावली. सावलीच्या बाजूला बर्फ उशिरापर्यंत टिकतो आणि ओल जास्त राहते, म्हणून फुलंही वेगळी आणि मागाहून येणारी. ही नोंद कुठल्याही पुस्तकातल्या यादीपेक्षा जास्त शिकवते.

जंगली गुलाब गुलाबी, पाच पाकळ्यांचा, मनगटाएवढ्या खोडाचा. त्याला इथे ‘सिया’ म्हणतात. सियाचीन या नावातला सिया हाच: गुलाबांची जागा. त्या नावाशी आपल्या मनात फक्त बर्फ आणि बंदुका जोडलेल्या असतात. फुललेल्या सियाच्या झुडपाजवळ पाच मिनिटं थांबलात तर ते नाव पुढे वेगळं ऐकू येईल.

फुलाची ओळख पटवायची असेल तर चार फोटो पुरतात: आजूबाजूच्या जमिनीसकट सगळं झाड, पानाची दोन्ही अंगं, फूल समोरून, फूल बाजूनं. मापासाठी काडेपेटी किंवा नाणं ठेवा. तोडायचं नाही. इथे वाढीचे दिवस मोजकेच असतात. वीतभर झुडपाला तेवढं व्हायला अनेक उन्हाळे लागलेले असू शकतात.

पहाटे उतारावरून ‘चक-चक-चकार’ असा वाढत जाणारा आवाज येईल. चकोर. ओव्या-अभंगांत चांदणं पिणारा चकोर आपल्याला लहानपणापासून माहीत. प्रत्यक्षात तो कोंबडीएवढ्या चणीचा, लाल चोचीचा, कुशीवर काळे पट्टे असलेला, उतारावर धावणारा पक्षी आहे. त्याच्याही वरून, कड्यांमधून लांबलचक शीळ आली तर तो रामचकोर. तो दिसेलच असं नाही, शिळेवर समाधान मानायची तयारी ठेवा.

ऊन तापलं की आकाशाकडे पाहा. मोठे पंख, रुंद, शेपटी आखूड: हिमालयी गिधाड. शेपटी लांब आणि शंकरपाळ्याच्या आकाराची: दाढीवालं गिधाड, जे हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतं. पंख थोडे वर उचलून उथळ ‘व्ही’ करून तरंगणारा: सोनेरी गरुड. तिघांना एकाच दिवशी पाहिलंत तर आकार कायमचे डोक्यात बसतात.

एक सूचना फार गांभीर्यानं घ्या. ओढे सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारी वरचा बर्फ वितळून आला की गुडघ्याच्या वर जातात. ओलांडायचे ते सकाळीच, आणि परतीची वेळ आधीच ठरवून. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू टाकायचा नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर एका रात्रीत ढगफुटी झाली, दोनशेच्या वर माणसं गेली. कोरडी दरी पाणी पिऊन घेत नाही. आलेलं सगळं पाणी चिखल-दगडांसकट खाली येतं.

खिंडीवर अर्धा तास

खारदुंग ला किंवा तांगलांग ला या पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडींत बहुतेक जण पाटीपाशी फोटो काढून गाडीत बसतात. तुम्ही पाटीपासून पन्नास मीटर बाजूला जा आणि गुडघ्यावर बसा. दगडांच्या फटीत गुलाबी डेझीसारखी फुलं, लोकरीत गुंडाळल्यासारखी पानं, आणि थायलॅकोस्पर्मम: हिरवी उशी, जी बोटानं दाबली तर दगडासारखी लागते. ती हजारो बारीक फांद्या एकमेकींना चिकटून झालेली असते. वारा वरून निघून जातो, ऊब आणि ओल आत राहते. तिच्यावर पाय देऊ नका, बसू तर मुळीच नका. अर्धा तास झाला की खाली उतरा.

शेवटचे दोन दिवस: त्सो कार

शरीर आठवडाभर रुळल्यावरच इथे या. तळं ४५०० मीटरच्या वर आहे आणि मुक्काम करायचा तर झोपेत त्रास होऊ शकतो. मनालीच्या रस्त्यानं तांगलांग ला ओलांडून जावं लागतं. परवाना आणि शुल्काचे नियम बदलत असतात, लेहमध्ये आदल्या दिवशी चौकशी करा.

इथे खरं तर दोन तळी आहेत: मोठं खारं त्सो कार, ज्याच्या काठावर पांढरं मीठ साचलेलं दिसतं, आणि त्याला लागून गोड्या पाण्याचं स्टार्टसापुक त्सो. २०२० मध्ये या पाणथळ भागाला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. पक्षी जास्त कुठे असतील याचा अंदाज करा आणि मग पडताळून पाहा. खाऱ्या पाण्याच्या कडेपेक्षा गोड्या पाण्याच्या दलदलीत गर्दी असते.

इथे येऊन कोकणच्या माणसाला ओळखीचं बरंच काही सापडतं. किनाऱ्यावरच्या चिखलात हिवाळ्यात जे करडे, फिके चिखले धावतात, त्यांतला एक इथे काळा चेहरा आणि नारिंगी छाती घेऊन खडीत उभा असतो. तपकिरी डोक्याचा कुरव (इंग्रजीत गल) आपल्याकडे येतो तेव्हा त्याचं डोकं पांढरं असतं, कानापाशी फक्त एक डाग, आणि नावाचा अर्थच लागत नाही. इथे त्याचं डोकं चॉकलेटी असतं. पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, पिल्लांच्या मोठ्या घोळक्यासह चरत असतात. हिमालय ओलांडताना ते सात हजार मीटरच्या उंचीवर गेल्याची नोंद आहे.

आणि काळ्या मानेचा क्रौंच. २०२१ मध्ये तो लडाखचा राज्यपक्षी जाहीर झाला. भारतात त्याची घरटी मुख्यतः लडाखच्या पूर्वेकडच्या अशाच पाणथळींत होतात, जोडीला एक किंवा दोन अंडी. पाच फूट उंचीचा पक्षी दलदलीत सावकाश पावलं टाकत जातो आणि त्याच्या पायांत तांबूस पिल्लू असतं. हे पाहण्यासाठी जवळ जाण्याची गरज नाही, कारण मोकळ्या जागी तो एक किलोमीटरवरूनही दिसतो. गाडी रस्त्यावरच थांबवा, रस्ता सोडून कुरणात घालू नका. उतरलात तर एकत्र, गप्प उभे राहा. त्यानं खाणं थांबवून मान ताठ केली की तुम्ही जास्त जवळ आलात. पक्ष्यांचे आवाज फोनवर वाजवणं, ड्रोन उडवणं इथे अक्षम्य आहे. उरलंसुरलं अन्नही टाकू नका: त्यावर मोकाट कुत्री पोसली जातात आणि तीच कुत्री क्रौंचाची अंडी आणि पिल्लं खातात.

वही कशी लिहायची

रोज रात्री पंधरा मिनिटं. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जागा, उंची, पाण्यापासून अंतर, उतार उन्हाचा की सावलीचा. पक्षी असेल तर तो काय करत होता: गात होता, घास नेत होता, पिल्लं होती का. फूल असेल तर कळी, फूल की फळ, आणि त्यावर कोणता कीटक. नाव शेवटी, आणि खात्री नसेल तर रिकामं. नावासाठी रिकामी सोडलेली माझी पानं दोन-दोन वर्षांनी भरली गेली आहेत.

त्या वहीत पानाचा उजवा अर्धा भाग मोकळा ठेवा. परतल्यावर ऑक्टोबरमध्ये घराजवळच्या बांधावर थिरथिरा आला की त्याची तारीख लेहच्या नोंदीसमोर लिहा. डिसेंबरात भिगवणला जा, चक्रवाक आणि पट्टकादंब मोजा, कुरवाच्या कानामागचा डाग पाहा. जानेवारीत अलिबाग-मुरुडकडे ओहोटीच्या वेळी चिखले शोधा. समोर दिसणारा पक्षी त्सो कारचाच असेल असं म्हणता येत नाही, त्यांचा मुलूख तिबेटपर्यंत पसरलेला आहे. तरी दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहा. मार्चमध्ये कुरवांची डोकी चॉकलेटी व्हायला लागतात, तीही नोंद करा. उजव्या बाजूला शेवटची तारीख ते दिसेनासे झाले त्या दिवसाची.